घरात जामाचा वास

प्रताप नगर, नागपूर

चि. पंकज,

ताईचे भरपूर आशीर्वाद. तू, पायल आणि भिवापूरचं ऊन, तिघंही आपापल्या जागी ठीक असाल असं धरून चालते. मी आता बरी आहे. ("आता" का, ते पुढे येईलच.)

गेल्या महिन्यात शेजारच्या करिष्मानं मला कमी कर्बोदकांच्या जेवणाला लावलं (म्हणजे भात नाही, पोळी नाही, बटाट्याकडे बघायचंसुद्धा नाही). तिचं वजन उतरलं, तर माझं सिकलसेल उतरेल असं मला काहून वाटलं, देव जाणे. आपल्या दोघांच्या रक्तात जन्मापासून बसलेला आजार अंडी आणि वांग्याचं भरीत बघून उठून जाणार थोडाच! पण सांधे दुखून दुखून जीव कंटाळला होता. डॉक्टरांना न विचारताच सुरू केलं. थोड्या दिवसांत अंग हलकं वाटायला लागलं, आणि घरात वास यायला लागला.

पिकून सडायला आलेल्या जामाचा वास (पुण्याकडे ह्याला पेरू म्हणतात). भर वैशाखात जाम कुठले? तुझ्या भाऊजींनी फ्रीज सरकवला, दिवाण उलटा केला, कूलरचं गवत काढून हुंगलं. मी स्वयंपाकघरात असले की वास स्वयंपाकघरात. पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर तो गच्चीवर हजर. शेवटी सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अंजू, तो तुह्याच मागं फिरून राहिला वं."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी धूप लावला (तुझे भाऊजी ऑफिसात, म्हणून हिंमत), मला पाटावर बसवलं आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत विचारलं, "कोन हायेस गा तू? काय पाह्यजे तुले?" मला हसू आवरेना. हसायला म्हणून तोंड उघडलं, तर आतून आलं, "भात वाढ वं."

पंकज, तो आवाज आपल्या गेलेल्या बाबांचा होता. हातमागावरून उठून हात धुताना ते आईला म्हणायचे ना, अगदी तसाच. सासूबाईंनी वरणभाताचं ताट भिंतीपाशी ठेवलं. जेवायला भिंतीतून कोणी आलं नाही. मीच सरकत सरकत गेले आणि ताट चाटून पुसून साफ केलं.

तरी संध्याकाळी हाडं अशी ठणकली की ऑटोत मोठ्यानं रडले. दवाखान्यात डॉक्टरांनी जवळ वाकून श्वास घेतला आणि विचारलं, "भात-पोळी बंद केली काय?" असं जेवण तोडलं की शरीर चरबी जाळतं, त्याचा वास श्वासाला येतो, म्हणाले, शिवाय अंगातलं पाणी भराभर जातं, आणि पाणी कमी झालं की सिकलच्या पेशी नसांत अडकतात. त्यांनी सलाईन लावली, भरपूर रागावले. वास गेला. आवाजाचं मी त्यांना विचारलं नाही.

सासूबाईंना मात्र आवाज कोणाचा ते सांगून बसले. आता त्या मला वाढताना व्याह्यांसमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घेतात आणि म्हणतात, "इवाईबुवा, लाजू नका, अजून घ्या."

तुझी ताई,
अंजू

ता.क. तुझ्या बायकोचा, पायलचा, काल फोन आला. "ताईले फरक पडला" म्हणून तूही भात-पोळी सोडलीस, आणि हे कोणाला सांगू नको म्हणून तिला दम दिलास. एवढं लांबलचक पत्र त्यासाठी.

पुन्हा ता.क. गुरुवारी सकाळच्या बसनं येते आहे. मी चप्पल काढायच्या आत कुकरची शिटी झाली पाहिजे.