वृंदाचं तबक

रथसप्तमी, डोंबिवली

आज ठाण्याला हळदीकुंकवाला गेलेले. सैन्याला बूट पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या बायकोने सगळ्यांना प्लास्टिकचे डबे वाण म्हणून दिले. मला आणि वृंदाला मात्र आतल्या खोलीत नेऊन चांदी दिली. आम्हा दोघींचे नवरे तेच बूट तपासतात. का दिली, हे मला कळत नाही का? कळतं. पण वृंदाला एवढं मोठं तबक आणि मला एवढासा करंडा? तिचा नवरा तर ह्यांच्या हाताखाली. शेवटची सही ह्यांची.

करंडा बघून हे जेवता जेवता थांबले. "अगं, त्या बुटांचे सोल पाण्यात सुटतायत. उद्या सगळा माल परत पाठवतोय मी. हा आधी देऊन ये."

"वाण कोणी परत देतं का?"

"मग पोरांना बर्फात अनवाणी चालवू?"

मी करंडा पिशवीत ठेवला. येईन देऊन उद्या, खरंच येईन. पण वृंदा काही तबक परत करणार नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्याच तबकातलं कुंकू ती मला लावेल, आणि मला कपाळ पुढे करावं लागेल.