आधी लागणारा दात

प्रिय बाबा,

येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे, पण मी त्यासाठी लिहायला बसले नाही. आज दुपारी दिघ्याच्या एक बाई क्लिनिकमध्ये आल्या. त्यांच्या इम्प्लांटवर कॅप बसवून आठवडा झालाय. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "मॅडम, हा दात बाकीच्यांच्या आधी लागतो." मी त्यांच्या दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगितलं, खूण उठली तिथे कॅप जराशी घासून दिली. दोन मिनिटांचं काम. त्या गेल्यावर मी कपाटातून तुमचा जुना एक्स-रे काढला.

साताऱ्याची सून वाशीगावच्या कोळीवाड्यात आली, तिला बोंबीलसुद्धा साफ करता येईना, म्हणून सगळे हसले होते. तुम्ही तेवढे नाही. जेट्टीवर जाळं सांधत बसलात की येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, आमच्या घरात डॉक्टरीण आलीय. मी इम्प्लांटचा कोर्स करून आले तेव्हा पहिला दात माझ्याच तोंडात बसव म्हणालात. असा सासरा कोणाला मिळतो?

कॅप बसवली त्या दिवशी तुम्ही दोनदा दातांवर दात टेकवून पाहिलेत आणि म्हणालात, "सूनबाय, यो दात पयला लागतं." मी काय उत्तर दिलं, आठवतं? "होईल सवय, बाबा." बाहेर तीन पेशंट थांबले होते आणि मी घाईत होते.

सवय कशी होणार होती? आपल्या खऱ्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ गादी असते. चावताना दात तिच्यावर किंचित दबतो. इम्प्लांटला ती गादी नसते, तो स्क्रू थेट हाडात रुजलेला. कॅप केसभर उंच राहिली की प्रत्येक घासाचा भार आधी तिच्यावर, आणि तिच्यावरून सरळ हाडावर. हे मी परीक्षेत चित्र काढून लिहिलं होतं!

पाच महिन्यांनी दात हलायला लागला, काढावाच लागला. मी सगळ्यांसमोर तुम्हाला झापलं. चिंबोरीच्या नांग्या दातांनी फोडू नका म्हणून सांगितलं होतं ना, म्हणाले. तुम्ही मान खाली घातलीत. त्या दिवसापासून आई तुमच्या ताटातल्या नांग्या उचलून तुमच्या लेकाच्या, महेशच्या ताटात टाकायच्या.

खरं सांगू? मला तेव्हाच कळलं होतं. एक्स-रेमध्ये स्क्रूच्या मानेपाशी एका बाजूचं हाड वाटीसारखं खाली गेलं होतं. काढलेल्या कॅपवर, बरोबर त्याच बाजूला, घासून गुळगुळीत झालेला ठिपका होता. मी तो पाहिला आणि कॅप कचऱ्यात टाकली. मला माझी लाज वाटते, बाबा.

आणि तुम्ही? शेजारचे विचारायला आले तेव्हा तुम्ही दारातूनच सांगितलंत, "पोरीनी सांगलेलं, मीच आयकलं नाय. तिची काय चूक नाय." दवाखाना नवा होता, नाव खराब होईल म्हणूनच ना? मला एकटीला तरी बोलायचं होतंत. ओरडला असतात तर रडून मोकळी झाले असते. दुसरा दात बसवूया म्हटलं की हसून टाळायचात, आणि शेवटपर्यंत डाव्या बाजूने चावत राहिलात.

बाबांनी चिंबोरीपायी दात घालवला, हा किस्सा घरात अजून चालतो. तेराव्यालाही महेशने सांगितला. सगळे प्रेमाने हसले. मीही हसले.

रविवारी सगळे जमतील आणि कोणीतरी तो पुन्हा काढेलच. तेव्हा मी मध्येच थांबवून, आईंच्या समोर, सांगणार आहे की दात बाबांनी नाही, मी घालवला. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा माझा शब्द. फक्त या वेळी मला वाचवायला मध्ये पडू नका.

तुमची सून,
मृणाल