तळहाताखालचा हात

अव्वा, तू गेलीस तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता माझ्या लग्नालाच सहा वर्षं झाली, तरी काही चुकलं की मी अजून तुझ्यापुढेच येऊन उभी राहते. शाळेत नाव घालायच्या आधी अक्षरं तूच शिकवलीस, चुलीपुढे, परातीतल्या ज्वारीच्या पिठावर बोटानं. एक ओळ मराठी, एक कन्नड. आज तेच अक्षर घेऊन तुझ्यापुढे बसले आहे.

तुझा जावई तू पाहिला नाहीस. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांना एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं. महिन्याभरात ते आपोआप बरं झालं आणि आम्ही विसरून गेलो. मग चालताना उजवा पाय मागे राहू लागला, मग डावा हात बधिर झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं नाव कागदावर लिहून दिलं, कारण ऐकून ते आमच्या लक्षात राहिलं नसतं. मेंदूनं धाडलेला निरोप वाटेत अडकतो, एवढं मला कळलं. उन्हात जास्तच अडकतो, आणि ऊन तर सोलापूरचं. ह्यांची गिरणीच्या कचेरीतली नोकरी सुटली. आता आमचा दिवस म्हणजे सकाळ. नऊच्या आत ह्यांची अंघोळ, कपडे, जेवण, सगळं उरकायचं. मग मी शाळेत शिकवायला जाते, आणि सासूबाई दिवसभर ह्यांच्या पाठीवरचा टॉवेल माठाच्या पाण्यात भिजवून देत राहतात.

हे हसवतात. मी सदऱ्याची बटणं लावत असते तेव्हा म्हणतात, "माझा हात सरकारी झालाय बघ. अर्ज दिल्याबिगर हलत न्हाय."

"मग साहेबांची सही आणा की," मी म्हणते.

"साहेब लई दिवस रजेवर हायत."

पूजेच्या वेळी मात्र थट्टा नसते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेल, आणि मग त्याच्याकडे बघत बसायचं. माझी दीक्षा झाली त्या दिवशी तू बजावलं होतंस, ज्याचं लिंग त्याच्याच हातावर, एकाची पूजा दुसऱ्यानं करायची नाही. ह्यांचंही तेच म्हणणं. हात थरथरायला लागला तेव्हा ते म्हणाले, "लिंगाला हात लावू नको. माझ्या हाताला लाव." तेव्हापासून रोज मी समोर बसायची आणि ह्यांच्या तळहाताखाली माझा तळहात धरायची. पंधरा मिनिटं. ह्यांना तो स्पर्श कळत नसे. माझा हात खाली आहे की नाही, हे ते डोळ्यांनीच बघून घेत, आणि एकदा नजर लिंगावर लागली की तेही बघत नसत.

त्या दिवशी स्टोव्हवर दूध होतं. सासूबाई अंगणातून ओरडल्या, "अगं, दूध बघ की, उतू चाललं!" आणि मी उठले. हात काढून घेतला आणि उठले, अव्वा. सांडशीत पातेलं धरून वळते तोवर लिंग फरशीवर पडून पाटापर्यंत घरंगळलेलं. हे आपल्या तळहाताकडे बघत होते. माझा हात खाली असतानाच ते पडलं आणि मी नंतर उठले, असं ह्यांना वाटलं. म्हणाले, "ह्येबी न्हाय जमत आता."

मी म्हणाले, "थरथरला असेल हात. असू दे."

मठातल्या स्वामींनी सांगितलं, दोष नाही, पुन्हा धारण करा. ह्यांनी ते गळ्यात घातलं, पण हातावर घेत नाहीत. "हाताची खात्री न्हाय," म्हणतात. सासूबाई दोनदा रडल्या. आता हे चमचाही स्वतः उचलत नाहीत, मी भरवते.

तुला चटणीचा दिवस आठवतो का? तू उखळात शेंगाची चटणी कुटत होतीस आणि मी मीठ दोनदा घातलं. अप्पांनी पहिला घास घेतला आणि तुला म्हणाले, "आज हाताला काय झालंय तुझ्या?" तू म्हणालीस, "चुकलं." मी ताटात बघत राहिले. नंतर भांडी घासताना, माझ्याकडे न बघता, तू म्हणालीस, "मीठ कुणी घातलं ते मला ठाऊक होतं. तू बोलतेस का, तेवढंच बघत होते. माझ्या हाताला बोल लागला, आणि तू जेवत राहिलीस की गं." मी तशीच खरकट्या हातानं अप्पांच्या दुकानात पळाले आणि त्यांना सांगितलं. ते हसले. तू हसली नाहीस.

तेव्हा मला तेवढी वाट चालता आली. आता ती वाट स्वयंपाकघरापासून ह्यांच्या पाटापर्यंत, चार पावलांची आहे. रोज भाकरी थापताना मी वाक्य जुळवते आणि भाकरी तव्यावर टाकली की ते मोडून टाकते. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून हे पत्र विचारण्यासाठी नाही. लिहून झालं की घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. तुला धाडायला पत्ता तरी कुठला.

पण एक गोष्ट तुलाही कळली नसती, म्हणून सांगते. मी गप्प बसले ती लाजेनं, असं मीही बरेच दिवस समजत होते. पूजा थांबली तेव्हापासून सकाळची पंधरा मिनिटं मोकळी झाली आहेत. भाकरी करपत नाही, शाळेची घंटा चुकत नाही. मी खरं सांगितलं तर हे पुन्हा हात पुढे करतील. पहिल्या सकाळी त्या पंधरा मिनिटांत मी चहा बसून प्याले, अव्वा, आणि तो मला गोड लागला.