एका शिखरावर संपलेले रंग

बाई, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, मीही आता निवृत्त म्हातारा आहे. तरी मध्यंतरी भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरात कॉम्प्युटरसमोर बसलो असताना भूगोलाच्या तासाचा तुमचा आवाज कानात आला आणि मी चक्क ताठ बसलो. त्याचं झालं असं, की आमच्या सोसायटीच्या आवारात काँक्रीट घालायचं निघालं. तळमजल्यावर रत्नागिरीकडच्या एक वहिनी राहतात. दर पावसाळ्यात त्यांच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढतं. कंत्राटदार म्हणाला, आवार सगळं एका लेव्हलचं आहे, सरसकट वीतभर थर टाकू. तसं झालं असतं तर पाणी थेट वहिनींच्या स्वयंपाकघरात शिरलं असतं. मी म्हटलं, त्यांच्या दारापाशी जमीन खोल आहे, उतार मागच्या गटाराकडे काढा. पण ऐकणार कोण? नोकरीभर मी नकाशे काढले हे खरं; सोसायटीत मात्र मी गणपतीला शाळेतल्या कविता म्हणून दाखवणारा काका.

मग गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन वहिनी आणि मी आवारभर फिरलो, ठिकठिकाणची उंची मोजली. माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, शास्त्रज्ञ वापरतात तसलं. त्याला उंचीचे आकडे दिले की ते जमिनीची चादर विणून पडद्यावर उभी करतं आणि उंचीप्रमाणे रंगवतं: सगळ्यांत खाली निळा, मग हिरवा, पिवळा, सगळ्यांत वर लाल. तुम्ही ते पाहिलं असतंत, तर तास संपल्याची घंटासुद्धा ऐकू आली नसती. सायबर कॅफेतून रंगीत छापून मीटिंगला नेलं. सेक्रेटरी गुजराती, हिशोबी माणूस. त्यांनी कागद दूर धरून पाहिला. "अंकल, ये तो पूरा नीला है. हम लोग समंदर में रहते हैं क्या?" सगळे हसले. त्यांचंही बरोबर होतं. पाण्याच्या टाकीचा छातीएवढा ओटा तेवढा लाल सुळक्यासारखा उभा, बाकी आवार गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखं निळं. कंत्राटदाराचंच म्हणणं मी छापून आणलं होतं. पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं त्यांनी कबूल केलं, तेही माझ्या वयाकडे बघून.

घरी येऊन पुन्हा ते चित्र उघडलं, आणि तुम्ही आलात. मी पाचवीत आहे. खिडकीबाहेर वडिलांची मिठागरं पांढरी चमकतायत, लांबवर चेण्याकडचे डोंगर. आधीच्या तासाला झालेली डोंगराची कविता अजून ओठांवर आहे आणि मी नकाशात एकच शिखर रंगवतोय. पिवळा, नारिंगी, तपकिरी, जांभळा, होते नव्हते ते रंग त्याच्यावर. खाली सगळीकडे नुसता हिरवा फासलाय. तुम्ही मागे येऊन उभ्या राहता.

"एका शिखरावर सगळे रंग संपवलेस. आता खालच्या गावांनी काय करायचं?"

वर्ग हसला होता. सुट्टीत तुम्ही तुमच्या टेबलावरची रंगीत पेन्सिलींची पेटी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, आता खालून रंगवायला लाग.

सॉफ्टवेअरनेही तेच केलं होतं, बाई. एकट्या ओट्याने सगळे रंग खाल्ले होते. मी रंगांची वरची मर्यादा, म्हणजे ज्या उंचीला लाल लागतो ती, ओढून गुडघ्याच्याही खाली आणली. ओटा राहिला वर, त्याचा तो. आणि आवार उमललं. गेटपाशी पिवळं, जिन्याजवळ हिरवं, आणि वहिनींच्या दारात गडद निळं तळं.

रविवारी वहिनींनी कागद आधी स्वतःच्या हातात घेतला. "भाऊ, नुसतं बघूनच पाय ओले झाले माझे." या वेळीही सगळे हसले, पण वेगळं. सेक्रेटरी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले, मग कंत्राटदाराला म्हणाले, "ढलान पीछे की तरफ लो." यंदाचा निम्मा पावसाळा सरलाय, धो धो झालाय, आणि वहिनींच्या उंबऱ्याच्या आतलं पायपुसणं कोरडं आहे. मी जाता-येता मुद्दाम बघतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पेन्सिलींच्या रिकाम्या पेटीत घडी करून ठेवीन. कुठे जायचंच नाहीये, तर एक सांगून टाकतो. मर्यादेबाहेर गेलेल्या ओट्याला सॉफ्टवेअर लाल ठेवत होतं, कामाला तेवढं पुरे होतं. मी तो निवांत बसून बर्फासारखा पांढराशुभ्र केला. कुणी विचारलं नाही. खालची जमीन मी तुम्ही सांगितलीत तशी रंगवली, बाई. पण नजर अजून आधी शिखराकडेच जाते.