प्रत्येक घरात एक बंदूक

७ सप्टेंबर, रविवार
मंडळाचा फोन. दसरा मेळाव्यात वादविवाद. विषय: नागरिकाला बंदूक बाळगण्याचा आणि ती घेऊन रस्त्यावर फिरण्याचा हक्क असावा का? 'असावा' म्हणणारा कोणीच मिळेना म्हणून मला विचारलं. मिळेना कसा? सिंगापुरात राहून राहून सगळ्यांची शेळी झाली आहे. तत्काळ हो म्हटलं. विरोधात डॉ. श्रीनिवास. सज्जन माणूस, बारीक आवाज. सहज गुंडाळतो.

सुलेखाला सांगितलं. ती म्हणाली, घरात झुरळ निघालं की खुर्चीवर कोण चढतं ते आधी मंडळाला सांगा. बायकोला तात्त्विक प्रश्न कळत नाहीत.

संकल्प: रोज सकाळी छाती काढून चालणे. मग भाषणाची तयारी.

१० सप्टेंबर, बुधवार
चाललो नाही. दमट हवा.

रुचिरची तारीख आली. पोराचं पॉलिटेक्निक संपलं, आता ७ ऑक्टोबरला सैन्यात हजर. दोन वर्षं सक्तीची नॅशनल सर्व्हिस. सुलेखा शांतपणे म्हणते, पीआर, इथला कायमचा रहिवास, घेतला तेव्हाच हे ठरलं होतं. ठरलं होतं हो! पण तेव्हा पोरगं दुपट्यात होतं.

रुचिर खूश. रायफल सुटी करून साफ कशी करतात त्याचे व्हिडिओ बघत बसलाय. मी वायफाय बंद केलं. बिल फार येतं.

माझ्या विषयाशी याचा काडीचा संबंध नाही. हक्क वेगळा, सक्ती वेगळी. हा मुद्दा भाषणात घ्यावा. किंवा नकोच.

१४ सप्टेंबर, रविवार
संजीवला व्हिडिओ कॉल. सुलेखाचा भाऊ, ह्यूस्टनला असतो. हा कमरेला पिस्तूल लावून भाजी आणायला जातो. म्हटलं, याच्याकडे मुद्द्यांची खाण असणार. कसलं काय! म्हणे, रोज लावतो आणि रोज मनात म्हणतो, वापरायची वेळ न येवो. एकदा गॅरेजमध्ये चोर समजून झाडली. मांजर होतं. मांजर वाचलं, पोरीची सायकल गेली. पोरगी महिनाभर याच्याशी बोलली नाही. तरी पिस्तूल सोडणार नाही, कारण त्याच्या भागात पोलिस यायला वेळ लागतो.

हे काय मुद्दे झाले? 'पोलिस यायला वेळ लागतो' तेवढं टिपून घेतलं. इथे लागत नाही, ही अडचण आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार
डॉ. श्रीनिवासांच्या क्लिनिकमध्ये गेलो. वादविवादासाठी नव्हे. सहज विचारलं, रुचिरला लहानपणी दम लागायचा, तसं चार ओळींत लिहून दिलंत तर त्याला ऑफिसचं काम देतील ना? बंदूक धरावी लागणार नाही असं काहीतरी. त्यांनी विचारलं, शेवटचा दम कधी लागला होता? म्हटलं, दुसरीत, मंडळाच्या खो-खोत. त्यांनी पेन खिशात ठेवलं. मग म्हणाले, आर्मीने तपासलंय त्याला, आणि मुलगा मोठा आहे, त्यालाच पाठवा, मी त्याच्याशी बोलतो.

डॉक्टर लोकांना बापाचं मन नसतं. तरी विरोधी पक्षाकडे मदत मागायला मोठेपणा लागतो, तो मी दाखवला.

रुचिरला सांगितलं, रूटीन चेकअप आहे, शनिवारी जाऊन ये.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
डोकं फिरलंय. ऑफिसातून येताना एमआरटीत संजीवचा फोन. मी त्याला भाषण ऐकवलं, आवेशात. 'गन' हा शब्द चार-दोनदा आला असेल. शेजारची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली. बुओना व्हिस्टाला उतरलो तर स्टेशनवरचे दोघं अत्यंत नम्रपणे म्हणाले, सर, बॅग उघडता का? उघडली. उपासाच्या साबुदाण्याचा डबा. त्यातला एक जण शिंकेपर्यंत वास घेत होता. साधा शब्द उच्चारायची सोय नाही, आणि म्हणे हक्क!

रुचिर शनिवारी क्लिनिकमधून आल्यापासून गप्प आहे. जेवताना फक्त डाळ मागतो. वयच असतं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी
शस्त्रपूजा. पाटावर शस्त्रं कोणती? लॅपटॉप, पुण्याहून आणलेली विळी, कात्री, स्क्रूड्रायव्हर. सुलेखाने एअर फ्रायरलाही कुंकू लावलं. पूर्वजांनी बघितलं असतं तर काय वाटलं असतं! रुचिरला मुद्दाम बोलावून म्हटलं, बघ, म्हणून प्रत्येक घरात एक खरी बंदूक हवी. त्याने विचारलं, एव्हरी हाऊस आह? शुअर, बाबा? म्हटलं, शंभर टक्के. त्याने विळीवर झेंडू वाहिला आणि खोलीत गेला.

भाषण तोंडपाठ. जिंकणार.

४ ऑक्टोबर, शनिवार
माईक खराब होता. हे आधी नोंदवतो.

डॉ. श्रीनिवास आधी बोलले. त्यांची मुलगी नर्स आहे. ड्यूटी संपली की बसस्टॉपपासून एकटी चालत येते, कानात गाणी लावून. कोणाच्याही खिशात बंदूक नाही हे तिला माहीत आहे, हाच तिचा हक्क, म्हणाले. टाळ्या. भावनिक ब्लॅकमेल, दुसरं काय?

मग मी. पोलिस यायला वेळ लागतो म्हटलं आणि हॉल हसला. तरी मी रेटून नेलं. शेवटी मूठ आपटून म्हणालो, प्रत्येक घरात एक बंदूक!

मग प्रेक्षकांचे प्रश्न. रुचिर उभा राहिला. मोडक्यातोडक्या मराठीत त्याने विचारलं, आमच्या घरात बंदूक उचलणारा मी, मग ती मला मिळू नये म्हणून बाबा डॉक्टरांकडे का गेले होते?

डॉक्टर खाली बघत होते. मी म्हटलं, प्रश्न विषयाला धरून नाही. अध्यक्षांनी घाईघाईने घंटा वाजवली. मी श्रीखंड घेतलं नाही.

टॅक्सीत रुचिर म्हणाला, तुम्ही घाबरता याचा राग नाही, मला न विचारता गेलात याचा आहे. मी म्हटलं, मी घाबरत नाही. ड्रायव्हरने रेडिओ लावला.

७ ऑक्टोबर, मंगळवार
फेरीबोटीने पुलाउ टेकाँग बेटावर, सैन्याच्या ट्रेनिंग तळावर. सगळे आईवडील बरोबर. पोरांनी रांगेत उभं राहून शपथ घेतली. रुचिरचा आवाज मला वेगळा ऐकू आला. निदान मला तसं वाटलं.

एका टेबलावर रायफल मांडली होती, घरच्यांनी बघावी म्हणून. शेजारी सार्जंट, रुचिरहून फार तर वर्षाने मोठा. त्याने मला म्हटलं, अंकल, धरून बघा, रिकामी आहे.

सुलेखाने धरली. जड आहे गं बाई, म्हणाली, आणि नीट परत ठेवली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे हात खिशातून निघेचनात. म्हटलं, पाठ धरलीये. पाठ धरली नव्हती. ही वस्तू उद्यापासून रोज माझ्या पोराच्या खांद्यावर असणार, एवढंच डोक्यात होतं.

रुचिर जवळ आला. मला वाटलं, आता हॉलमधल्यासारखं काहीतरी बोलणार. तो हळूच म्हणाला, इट्स ओके, बाबा, सगळ्यांनी नाही धरली तरी चालतं. माझ्या पाठीवर हात ठेवला, बॅग उचलली आणि रांगेत गेला.