राक्षसाने प्यालेली कॉफी

इर्बिद, १६ नोव्हेंबर

प्रिय यामन,

अल्लाह तुला सुखरूप ठेवो, तुझी पाठ बरी करो आणि दोहाच्या थंडगार कचेरीत अधूनमधून तुला आमची आठवण देवो. इतके महिने पत्र नाही याबद्दल माफी मागतो. कारणे लिहून पाहिली, एकही पुरते खरे वाटले नाही, म्हणून खोडली. (फोनवर बोलतो ते मी धरत नाही. तू "सगळं ठीक ना दादा?" म्हणतोस, मी "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो आणि दोघेही सुटतो.) आईचे गुडघे होते तसेच आहेत. तुझी सौसन वहिनी बरी आहे, म्हणजे माझ्याशी बोलते आहे. रुदैनाची बातमी मोठी आहे. पण तू जूदला पाठवलेल्या खोक्याबद्दल आधी लिहिल्याशिवाय ती सांगता येणार नाही.

तुझा हेतू चांगलाच होता, यात मला शंका नाही. शंका मला माझ्याविषयी आली. मी मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि खेळण्यातल्या गाड्यांच्या ट्रॅकच्या त्या नारिंगी पट्ट्या एकमेकींत अडकवायला मला आठवडा लागला. जूद शेजारी बसून "बाबा, उलटं" एवढेच म्हणायची, आणि प्रत्येक वेळी ते उलटेच असायचे. जांभळी गाडी तिची. हिला चाके हत्तीएवढी आणि तोंड मगरीएवढे. कशावर आदळली की जबडा मिटतो आणि गाडी ढेकर देते. माझी हिरवी, तीन डोळ्यांची, ती रोज हरते. (मी मुद्दाम हरतो का, यावर मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. नाही.) आजीच्या गोष्टीतला घूल राक्षस निदान गावाबाहेरच्या विहिरीत राहायचा. हा आपल्या दिवाणखान्यात राहतो, कारण घरात सपाट फरशी तेवढीच. तिथून ट्रॅक बोळातून जूदच्या खोलीत जातो आणि रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाच्या तळपायात शिरतो. दमलो आहे रे.

आता बातमी. आपल्या बहिणीला मागणी आली. मुलगा सुहैब, अजलूनचा, गुरांचा डॉक्टर, कमी बोलणारा. मला आवडला. आईने रुदैनाला विचारले तर ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते," आणि ताटे उचलून आत गेली. बाबा नाहीत, तू नाहीस, म्हणून आपल्या बाजूने बोलायला अबू नवाफ काकांना बोलावले. काका आधीच फुगलेले होते, कारण ही गोष्ट त्यांना आपल्याकडून कळण्याआधी न्हाव्याकडून कळली होती. शुक्रवारी मागणी घालायला सुहैबकडची वडीलधारी मंडळी आली. पुढे काझी अबू राइद, निवृत्त, पांढरी दाढी, आवाज अजून न्यायालयातला. सौसनने दिवाणखान्यातला ट्रॅक सकाळीच उचलला होता. सोफ्याखालची एक पट्टी तेवढी राहिली, वर वाकलेली, उडी मारायची. ती मी पाहिली होती का? पाहिली असावी. उचलली नाही, हे नक्की.

कॉफी आली. काझीसाहेबांनी रिवाजाप्रमाणे पेला न पिता समोर ठेवला आणि म्हणाले, आमचं काम झाल्याशिवाय पिणार नाही. आता काकांनी "प्या, आलात ते काम झालं" एवढे म्हणायचे, की झाले. काका म्हणाले, "काझीसाहेब, आमचं घराणं..." आणि घराणे सुरू झाले. ते पणजोबांपर्यंत पोचले असतील, तेवढ्यात बोळातून सूं असा आवाज आला, अर्धवट उघड्या दारातून जांभळे काहीतरी आत घुसले, सोफ्याखाली गेले, आणि त्या पट्टीवरून उडून थेट टेबलावरच्या पेल्यावर आदळले. पेला तोंडात. जबडा मिटला. मग ढेकर. लांबलचक, तृप्त.

काका उठून उभे राहिले. "झालं! कॉफी गेली, विषय गेला. पुन्हा कधीतरी या."

"सांडलेली कॉफी शुभ असते, अबू नवाफ," काझीसाहेब म्हणाले.

"सांडली कुठं? या भुतानं गिळली! जो कॉफी प्यायला त्याचं काम झालं, हाच ना रिवाज? द्या मग मुलगी यालाच. मास्तर, तुमच्या घरातलंच स्थळ निघालं की!"

"असा मेहुणा घरात असेल," काझीसाहेबांनी गाडीच्या दातांतून आपला पेला सोडवला, "तर आमचा गुरांचा डॉक्टर बरा. उपयोगी पडेल."

तेव्हा आतल्या दारामागून हसू आले. दाबलेले, मग न दाबता आलेले. काझीसाहेबांनी बोट वर केले. "ऐकलंत? कुमारिका गप्प राहिली तरी होकार धरतात. हसली तर प्रश्नच मिटला. शरीयतचे जुने फकीह सांगून गेलेत." काकांनी दाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग त्या गाडीकडे, आणि बसले. "दुसरा पेला आणा. प्या बाबांनो." सोयरीक पक्की झाल्याची फातिहा वाचली गेली. सुहैबचे कान लाल झाले होते. तर असे सगळे सुखरूप पार पडले. तुझ्या खोक्याचे आभार मानावेत की कसे, ते ठरवतो आहे.

तुझा थोरला भाऊ,
हैसम

ता. क. लग्नाला ये. खोका न घेता ये.

ता. क. पुन्हा. वर सुखरूप लिहिले, ते खरे नाही. काल आई भाजी निवडताना सहज म्हणाली, "मीच हसले रे. काय करू, ढेकर अगदी तुझ्या बाबांची." रुदैना तेव्हा स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता, तिने काहीच ऐकले नव्हते. म्हणजे फातिहा वाचली गेली ती आईच्या हसण्यावर. रुदैना तेव्हापासून नेहमीसारखीच आहे, आणि तिचे नेहमीसारखे असणे म्हणजे काय, हे मला एवढ्या वर्षांत माहीत नाही. तुझ्याशी ती बोलते. तू फोन करून सहज म्हणून विचारशील का, तिला हा माणूस हवा आहे का? खरे तर त्यासाठीच लिहायला बसलो होतो.

ता. क. शेवटची. वाचून पाहिले. नको, तू फोन करू नकोस. तिची खोली माझ्या खोलीसमोर आहे, दोहापेक्षा जवळ. ती नाही म्हणाली तर काकांची आणि काझीसाहेबांची, दोन्ही दारे मलाच ठोठावावी लागतील; ठोठावीन.

उद्या: रुदैनाला विचारणे.