नाहूरच्या स्थळाचा चित्रपट

मुलुंड (पूर्व), सोमवार

तीर्थरूप दादांना नंदकिशोरचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असावा आणि मनोरीची हवा मानवत असावी. (तुमचा फोन कपाटात बंद असतो, म्हणून पत्र.) तुमची बहीण नीला म्हणते, दादाला तळलेलं कमी खायला सांगा. सांगितलं.

ऋतासाठी नाहूरचं स्थळ आलंय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मुलगा देवेश, विमा कंपनीत कायम नोकरी, निर्व्यसनी. फावल्या वेळात लिहितो असं त्याच्या आईने सांगितलं, तेव्हा आम्ही ते व्यसनात धरलं नाही. त्याने लिहिलेला ‘कवचवीर’ हा सुपरहिरोचा चित्रपट परवा लागला आणि मुलाकडच्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. (मुलगी दाखवायची पद्धत मला माहीत होती. मुलाचा चित्रपट दाखवायची नवीन.)

दादा, नटसंच असा, की एकेकाची नाटकं आपण रांगा लावून पाहिलेली. गोष्टीचं मात्र सांगतो. अंगावर वीज पडून नायकाला उडता येऊ लागतं. मध्यंतरापर्यंत तो उडतो. मध्यंतरानंतर खलनायक त्याच्या बहिणीला पळवतो आणि हा टॅक्सीत, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तळमळत बसतो. त्याला उडता येतं हे टॅक्सीवाल्यालाही माहीत असतं, कारण मध्यंतराआधी त्यालाच वाचवलेलं. कुणी काही बोलत नाही. खलनायक झालेले ज्येष्ठ नट ‘मला जग संपवायचंय, कारण मला जग संपवायचंय’ हे वाक्य असं म्हणाले, की क्षणभर मलाही ते पटलं. नायकाच्या आईने ‘बाळा, जाऊ नकोस, तुझा झगा अजून ओला आहे’ म्हटल्यावर नीला हुंदके देऊन रडली. कशासाठी रडली ते तिला अजून सांगता आलेलं नाही.

बाहेर दाराशी देवेश उभा. “काका, खरं सांगा हां. तुमच्या शब्दावर माझा भरवसा आहे.” त्याची आई, आत्या, काका, सगळे माझ्या तोंडाकडे बघताहेत. मुलीकडच्या माणसाने अशा वेळी काय बोलावं? मी म्हणालो, “अरे, तू नोकरीत फुकट चाललायस!” दादा, हे बोलायचं असतं म्हणून बोलतात. कुणी अमलात आणत नाही.

त्याने आज सकाळी राजीनामा दिला.

त्याच्या आईचा फोन आला होता. रागावल्या नाहीत, नुसत्या रडल्या. पोरीचं जमत आलेलं लग्न मी एका वाक्यात घालवलं, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, या पत्रानंतरही असावा.

तुमचा,
नंदकिशोर

ता.क. तुमच्या फटकळपणामुळे अर्धे नातेवाईक दुरावले, असं मी दिवाळीत म्हणालो होतो. ते मागे घेतो. रविवारी सकाळच्या फेरीबोटीने या. देवेश ‘कवचवीर’चा दुसरा भाग वाचून दाखवायला येतोय. मला तोंड नाही. मामा म्हणून तुम्ही त्याला सगळं खरं सांगा.

ता.क. २. पत्र ऋताने वाचलं. म्हणाली, “बाबा, राजीनामा मी दुपारीच मागे घ्यायला लावला. आणि पिक्चर भिकार आहे हे परवाच सांगितलंय त्याला.” परवा आम्ही रिक्षाने परतलो आणि ही त्याच्याबरोबर चालत निघाली होती. रागावण्याऐवजी तो म्हणाला म्हणे, कुठे कुठे भिकार आहे ते नीट सांग. ती सांगत गेली. आमची गल्ली मागे पडली, नाहूर गेलं, भांडुप आलं, तेव्हा कुठे त्यांचं मध्यंतर झालं.

होकार कळवलाय. दुसरा भाग दोघं मिळून लिहिताहेत. तेव्हा रविवारी जरूर या, आणि दादा, हात जोडतो, आवडला म्हणा.